बाजाराची तालीम

मी धंद्यानं कुंभार. तरी कोसमपेठच्या नगरपालिकेत मी सभासद होतो, ते माझ्या बायकोमुळे, मनकर्णामुळे. मडकी मी घडवायचो आणि गुरुवारच्या बाजारात बसून विकायची ती. निवडणूक आली तेव्हा बाजारातल्या बाया तिलाच म्हणाल्या, तू उभी राहा. ती म्हणाली, मी सभेत गेले तर मडकी कोण विकेल? बुढ्याला उभं करते, मडकी भाजायचा आवा विझला की तो रिकामाच असतो. अशा रीतीनं मी उभा राहिलो आणि निवडून आलो.

सभेच्या सकाळी ती भात वाढता वाढता मला शिकवायची. दिवाबत्तीचा विषय निघाला तर हे बोला, नालीचा निघाला तर ते बोला, मास्तराच्या घरभाड्याचा निघाला तर गप्प बसा. मी तसंच करायचो. लोक म्हणायचे, लटारूभाऊ कमी बोलतो पण कामाचं बोलतो.

मग तिला ताप आला. दवाखान्याची गाडी येईपर्यंतही ती थांबली नाही.

त्यानंतर सभेच्या सकाळी मला शिकवायला कोणी नव्हतं. सभेत अध्यक्ष विचारायचे, लटारूभाऊ, तुमचं काय म्हणणं? माझं काही म्हणणंच नसायचं. मी म्हणायचो, "नाई." विषय कोणताही असो, मी नाई म्हणायचो. नाही म्हटलं की जे आहे ते तसंच राहतं, आणि मला तेव्हा सगळं तसंच राहायला पाहिजे होतं. शाळेच्या कौलांना मी नाही म्हटलं. कोंडवाड्याच्या फाटकाला नाही म्हटलं. एकदा चहा पाहिजे का म्हणून विचारलं तर त्यालाही नाही म्हटलं, आणि मग सगळे पीत असताना मी बघत बसलो.

घरी मडकी साठत गेली. हाताला सवय होती, चाक फिरत राहिलं, पण विकायला कोणी नव्हतं. बाजारात जाऊन बसायचं मला जमणार नाही असं मी धरूनच चाललो होतो. अंगणात मडकी, ओसरीत मडकी, देवाच्या कोनाड्यापर्यंत मडकी. चुलीकडे जायचं तर आडवं होऊन जावं लागे. कोंबड्यांची मात्र मजा झाली. कोणत्या मडक्यात अंडं आहे ते शोधण्यात माझी दुपार जायची.

अशा दिवसांत नव्या बाजाराचा नकाशा आला.

हा नकाशा जुना होता. चांद्याहून कागद नागपूरला गेले, तेवढ्यात आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कागद नागपुरात बसले आणि सरकार मुंबईला. त्यांची भेट व्हायला वेळ लागला. शेवटी मंजुरी आली, सोबत पुसदकर नावाचे ओव्हरसियर आले, आणि अट आली की मार्चअखेर नगरपालिकेनं ठराव करावा, नाहीतर बाजार दुसऱ्या गावाला जाईल.

काम मोठं होतं. आमच्या गावात तेवढं मोठं काही झालंच नव्हतं. उघड्या मैदानाच्या जागी टिनाच्या लांबच लांब शेडी, खाली फरसबंदी ओटे, मधून पक्की नाली, विहिरीला नवा कठडा आणि शेजारी मोटारस्टँड. पुसदकर साहेब तरुण होते, शांत होते, आणि त्यांना सरळ रेघेचं फार प्रेम होतं. नकाशाची गुंडाळी काखेत धरूनच ते जेवायला बसायचे असं खानावळवाला सांगायचा.

नकाशात एकेका मालाची एकेक रांग होती. मिरचीवाल्या सगळ्या एका रांगेत, बांगडीवाल्या दुसऱ्या, मासळीवाल्या शेवटी, कुंभार विहिरीपाशी. बाजारातल्या बायांनी हे ऐकलं आणि त्या नगरपालिकेच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. त्यांच्या पुढं गुणाबाई. ही मिरची विकायची आणि वर्षानुवर्षं मनकर्णाच्या डाव्या हाताला बसत आलेली. तिचं म्हणणं साधं होतं. बाजारात विकणारी बाईसुद्धा मीठ-तेल घ्यायला उठते. ती उठली की शेजारीण तिचं दुकान सांभाळते. मी उठले की मडकेवाली माझी मिरची विकायची, ती उठली की मी तिची मडकी विकायचे. पण माझ्या शेजारी दुसरी मिरचीवाली बसवली, तर मी उठल्यावर ती कोणाची मिरची विकेल?

पुसदकर साहेबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण मालानुसार रांगा नसतील तर गिऱ्हाइकाला माल सापडायचा कसा? गुणाबाई म्हणाली, गिऱ्हाइकाला आजवर सापडतच आला आहे.

सभेत निम्मे सभासद साहेबांच्या बाजूचे झाले, निम्मे बायांच्या. आणि मधे मी. माझा विरोध मात्र वेगळाच होता.

मैदानाच्या पश्चिमेला एक पळस होता, आणि त्याखाली मनकर्णाची जागा होती. ती जागा मी स्वतः निवडली होती. लग्न झालं त्या साली श्रावणात मी बाजारात गेलो, सगळं मैदान फिरलो, आणि हा पळस पाहिला. असा भरगच्च की खाली जमीन ओली दिसत नव्हती. त्याखाली मी एक चपटा दगड आणून टाकला आणि मनकर्णाला म्हटलं, ही तुझी जागा. बाजारातलं माझं एवढंच कर्तृत्व. ती दर गुरुवारी घरी आली की मी विचारायचो, जागा कशी आहे? ती म्हणायची, जागा म्हणजे बाजाराचं नाक आहे. हे ऐकलं की माझा दिवस बरा जायचा. ती गेल्यावरही तिथं कोणी बसलं नव्हतं. दगड तसाच होता.

आणि नकाशातली शेड बरोबर त्या पळसावरून जात होती.

मी सभेत नाई म्हटलं. पहिल्यांदाच मला नाई म्हणायला कारण होतं, त्यामुळे जरा मोठ्यानं म्हटलं.

आमचे अध्यक्ष डोमाजी. लाकडाचा ठेका होता त्यांचा, पण खरा जीव दंडारीत. हिवाळ्यात धान कापून झालं की आमच्याकडे रात्रभर गाणी-सोंगांचा खेळ चालतो ती दंडार, आणि कोसमपेठची दंडार डोमाजीच बसवत. तरुणपणी मीही त्यांच्याकडे राणीचं काम केलं होतं. मिशी फुटली तेव्हा सुटलो. डोमाजी नगरपालिकाही दंडारीसारखीच चालवत. ज्याला काम नाही तो रुसतो, म्हणून सगळ्यांना थोडं थोडं काम द्यायचं, हे त्यांचं राजकारण.

एका संध्याकाळी ते माझ्या घरी आले. मडक्यांमधून आडवं होऊन आत शिरले, एक मडकं उचललं, त्यात अंडं दिसलं म्हणून जपून खाली ठेवलं आणि चुलीजवळ बसले. म्हणाले, "लटारू, तुझ्या एका मतावर बाजार अडून राह्यला. पळस तोडत नाई. शेडले वाक देतो. पळसाले पार बांधतो आन त्यावर मनकर्णाबाईचं नाव टाकतो. मंग तं हाव म्हनशीन?"

मी म्हटलं, विचार करतो. खरं तर मला ते फार आवडलं होतं. पण हाव म्हणायचं कसं ते सुचत नव्हतं, इतके दिवस सवय नव्हती.

डोमाजींनी साहेबांना वाकाचं सांगितलं तेव्हा साहेब नकाशा उलगडत म्हणाले, "अध्यक्षजी, शेड म्हणजे काकडी नव्हे." तरी त्यांनी वाक काढला. पेन्सिल फार हलकी धरून काढला, असं डोमाजी सांगत होते.

राहिला रांगांचा प्रश्न. त्यावर डोमाजींना कल्पना सुचली ती दंडारवाल्यालाच सुचावी. ते म्हणाले, भांडता काऊन, तालीम करू. खेळ लोकांपुढं मांडायच्या आधी आपण तालीम करतो ना? तशी बाजाराची तालीम. सोमवारी सगळ्यांनी रिकाम्या टोपल्या घेऊन मैदानात यायचं. आधी नकाशाप्रमाणे बसून पाहायचं, मग आजच्याप्रमाणे बसून पाहायचं. कुठं अडतं ते साहेब पाहतील, आणि मंगळवारी सभेत ठराव.

होळी नुकतीच होऊन गेली होती. सोमवारी सकाळी साहेबांनी मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. रेघा इतक्या सुंदर होत्या की बाया त्यांच्यावर पाय ठेवायला धजेनात, उड्या मारत आपापल्या जागी गेल्या.

आमच्या लोकांना सोंग दिलं की ते सोंगात राहत नाहीत, खरंच होऊन जातात. ही आमची खोड. रिकाम्या टोपल्या मांडून बसल्याबरोबर हाळी सुरू झाली. नसलेली वांगी, नसलेली मासळी, नसलेला लसूण. दंडारीतला ढोलकीवाला गिऱ्हाईक झाला आणि नसलेली भेंडी मोडून पाहू लागला, तर भाजीवालीनं त्याच्या हातावर चापट मारली. अहेरीकडची मोटार आली, तिच्यातल्या लोकांना वाटलं आज बाजार आहे, आणि तेही उतरले. एकानं गुणाबाईला मिरचीचा भाव विचारला. तिनं सांगितला. त्यानं कमी करून मागितला. टोपली रिकामी आहे हे दोघांनाही दिसत होतं, पण नसलेली मिरचीसुद्धा त्या भावात द्यायला गुणाबाई तयार झाली नाही. तो माणूस बडबडत मोटारीत जाऊन बसला.

नकाशाच्या रांगा मात्र टिकल्या नाहीत. मिरचीवाल्यांच्या रांगेत गुणाबाई मुद्दाम उठून विहिरीवर पाणी प्यायला गेली. परत आली तर दोन्हीकडच्या शेजारणींनी तिची टोपली मागं सारून आपापल्या टोपल्या पुढं ओढल्या होत्या. रिकाम्या टोपल्या, तरी. मग भांडण लागलं, तेही खरं. डोमाजी अंगात आल्यासारखे टाळ्या वाजवत फिरत होते, हे चांगलं झालं, हे असंच ठेवा. पुसदकर साहेबांनी गुंडाळी उलगडली, रांगांवर रेघ मारली आणि म्हणाले, पटलं, आता शेजार दाखवा.

मग सगळे दर गुरुवारच्याप्रमाणे बसले. साहेब एकेका शेजाराजवळ थांबून कोण कोणाचं दुकान सांभाळतं ते विचारत चालले. पळसापाशी आले तेव्हा थांबले. डाव्या हाताला गुणाबाई. उजव्या हाताला चैतू. हा नदीपलीकडच्या गोंडांच्या गावातला, चारोळी, मोहफुलं, मध असा रानातला माल घेऊन बसायचा. मधे रिकामा दगड.

साहेबांनी विचारलं, इथं कोण बसतं?

डोमाजी माझ्याकडे पाहू लागले, मग सगळेच पाहू लागले. डोमाजी हळूच म्हणाले, लटारू, पात्र रिकामं ठेवून तालीम होत नाही. तू आधी राणीचं काम केलं आहेस.

मी नाई म्हणणार होतो. पण तेवढ्यात कोणीतरी माझ्या डोक्यावर आपला पंचा पदरासारखा टाकला, लोक हसले, आणि हसण्यातच मी दगडावर जाऊन बसलो.

आता मला पुढचं सांगायचं आहे ते त्या पळसाबद्दल. होळीच्या सुमाराला पळसाला पान नसतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. लांबून तो लाल दिसायचा आणि मी मनात म्हणायचो, मनकर्णाची जागा कशी शोभून दिसते. पण मडकी खपायचे दिवस तेच, होळीपासून पुढचे. त्या दिवसांत मी घरी आव्यापाशी असायचो आणि पावसात काम बंद पडलं की बाजारात फिरायचो. पळसाखाली उन्हाळ्यात मी कधी बसलोच नव्हतो. बसलो तसं ऊन सरळ टाळूवर आलं. समोर मोटार थांबायची, तिचा सगळा फुफाटा तोंडावर. मागून नालीचा वास. वर फुलांवर साळुंक्या भांडत होत्या आणि त्यांचं जे खाली पडायचं ते पंच्यावर पडलं. मडकी मांडली असती तर मडक्यात पडलं असतं.

मी सरकून बघितलं. दगड ज्या बाजूला सरकवावा त्या बाजूला ऊन जास्त.

गुणाबाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बसले का? आता सुरू करा."

"काय सुरू करू?"

"शिव्या."

"कोनाले?"

"ज्यानं हे जागा निवडली त्याले. मनकर्णा टोपलं खाली ठेवल्याबरोबर पह्यले तेच करे. मंग मडके मांडे."

मी म्हटलं, "जागा तं म्याच निवडली होती."

"मालूम हाये," गुणाबाई म्हणाली. "साऱ्या बाजाराले मालूम हाये."

मला वाटलं, तालमीचं सोंग चाललं आहे. मी चैतूकडे पाहिलं. चैतू खोटं बोलत नाही, त्याला मराठी तेवढी येतच नाही. बाजारात येऊ लागला तेव्हा त्याला दोन शब्द यायचे, पुढंही भाव आणि राम राम यापलीकडे त्याची गाडी अडायची. तो लाजला, घसा साफ केला, आणि एका दमात बोलला, "बुढ्या, श्रावनात सावली पाहून आला, उन्हाळ्यात मडके काय तुहा बाप इकन? उन्हानं जयते डोसकं माहं आन तू घरी पळसाचं कौतुक करत बसतं."

शब्द मराठी, अडखळणं कुठं नाही, आणि हेल सगळा मनकर्णाचा. शेवटच्या शब्दावर ती आवाज जसा खाली टाकायची तसाच टाकलेला. चैतू म्हणाला, "बाई रोज बोले. मी आयकून शिकलो." एवढं बोलून त्याची मराठी संपली.

आजूबाजूच्या बायांनी मग आपापली भर घातली. कोणी म्हणाली, दर उन्हाळ्यात ती विहिरीपाशी जागा बदलून मागायची, पण तिथल्या बांगडीवाल्या देत नव्हत्या. मडकं घेणारं गिऱ्हाईक आधी त्यात पाणी भरून गळतं का पाहतं, आणि इथून विहीर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. दिवसभर ती पाणी वाहायची. मासळीवाली म्हणाली, मला तर तुमची सगळी माहिती आहे लटारूभाऊ, तुम्ही घोरता तेसुद्धा. लोक पुन्हा हसले. मीही हसलो. डोळ्यांत साळुंकीचं काही पडलं असं दाखवून पंच्यानं तोंड पुसलं.

मी गुणाबाईला विचारलं, तिनं मला हे घरी कधी सांगितलं कसं नाही? मी तर दर गुरुवारी विचारायचो.

"तुमाले सांगू नोको म्हने. म्हने, बुढा माती बरोबर पारखते, जागाबी बरोबर पारखली असं त्याले वाटू दे. तो खुशीत असला का मडकं हलकं उतरते."

साहेब पुढच्या शेजाराकडे गेले. डोमाजी त्यांच्या मागं गेले. मी उन्हात तसाच बसून होतो. उद्या सभा होती. बऱ्याच दिवसांनी मला वाटलं की विचारायला कोणीतरी आहे. मी गुणाबाईला म्हटलं, "उद्या काय बोलू?"

ती चिडली. "मले काय विचारता? तिच्या जागी बसले ना तुमी? डोसकं जयून राह्यलं का नाई? तेच बोला."

मंगळवारी सभा भरली. खोलीत जागा नव्हती, बाया खिडक्यांमधून आत पाहत होत्या. डोमाजींनी ठराव वाचला. शेडी आणि ओटे होतील. रांगा मालाच्या नाहीत, जो ज्याचं दुकान सांभाळतो तो त्याच्या शेजारी, आणि हलायचं असेल तर शेजार सगळा मिळून हलेल. गिऱ्हाइकासाठी फाटकावर मालाच्या चित्रांची पाटी लागेल, ही साहेबांची अट, ती बायांनी मान्य केली. रानातल्या गावांचे लोक आदल्या संध्याकाळी गाड्या घेऊन येतात, त्यांच्या बैलांसाठी मोटारस्टँडमागं मोकळी जागा आणि पाण्याचं टाकं, ही चैतूच्या लोकांची अट, ती साहेबांनी मान्य केली. नाली सरळच राहील. आणि शेवटी, पश्चिमेच्या शेडला पळसापाशी वाक देण्यात येईल, पळसाला पार बांधण्यात येईल, आणि पाराला कैलासवासी मनकर्णाबाईंचं नाव देण्यात येईल. हे वाचताना डोमाजींनी आवाज जरा दंडारीतला लावला.

मतं घेतली. साहेबांच्या बाजूच्या काहींना अजूनही मालाच्या रांगा पाहिजे होत्या, एकाला मोटारस्टँड आपल्या घराजवळ पाहिजे होता. पुन्हा निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे झाले. मग डोमाजी माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, "हाव."

डोमाजी म्हणाले, "लटारूभाऊ नाई म्हणतात, तेव्हा ठराव—" आणि थांबले. कारकुनानंही ‘नाई’ असं लिहून टाकलं होतं. डोमाजींनी विचारलं, काय म्हणालास? मी पुन्हा हाव म्हटलं. खिडकीतली एक बाई दुसरीला म्हणाली, काय म्हणाला तो? दुसरी म्हणाली, हाव म्हणाला, आजारी आहे काय?

मी म्हटलं, पण माझं म्हणणं आहे. माझं म्हणणं आहे हे ऐकून कारकुनानं लिहिणं थांबवलं. मी म्हटलं, शेडला वाक देऊ नका. पार बांधू नका. तिचं नाव तर मुळीच टाकू नका. कुंभाराचा ओटा विहिरीपाशी द्या, गुणाबाईचा आणि चैतूचा त्याच्या दोन्ही बाजूंना.

डोमाजींना हे पटेना. वाक मिळवायला त्यांना साहेबांची केवढी मनधरणी करावी लागली होती. ते म्हणाले, अरे, तुझ्यासाठीच केलं ना सगळं? दुसरे एक सभासद, ज्यांना मोटारस्टँड पाहिजे होता, ते म्हणाले, काहीतरी भानगड आहे, कालपर्यंत हा झाडाला मिठी मारून बसला होता.

मी म्हटलं, "काल त्या झाडाखाली बसलो. तिचं नाव त्या पळसाले दिलं तं ती रोज येऊन मले उठवंन. तिले त्या जागेवरून एकडाव उठवा बावा, लय वर्सं बसली."

पुसदकर साहेब भिंतीपाशी उभे होते. त्यांना सभेत बोलायचा अधिकार नव्हता, तरी ते म्हणाले, "म्हणजे शेड सरळ?"

"सरळ," मी म्हटलं.

साहेब खाली बसले आणि त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. ठराव मंजूर झाला. बायांनी खिडकीतून आत गूळ-फुटाणे टाकले, ते कागदांवर पडले, आणि सभासदांनी ते कागद उचलायच्या आधी उचलले. त्या दिवशी चहा आला तेव्हा मी हो म्हटलं.

पळस तोडला तेव्हा डोमाजी म्हणाले, हे लाकूड माझ्या वखारीत कोणी फुकट घेणार नाही, तू ने. मी ते गाडीत घालून घरी आणलं, सुकवलं आणि आव्यात लावलं. निम्मी मडकी तडकली, बाकीची काळी पडली. पळसाचं लाकूड जळायलाही धड नसतं. मनकर्णा असती तर तिनं मला हे आधीच सांगितलं असतं. किंवा मला नाही, गुणाबाईला सांगितलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात शेडी उभ्या राहिल्या. कागदावर होत्या तितक्याच सरळ. पहिल्या गुरुवारी मी गाडीत मडकी भरून बाजारात गेलो. अंडी आधी काढून घेतली होती, तरी एक राहिलंच, ते एका गिऱ्हाइकाला मडक्यासोबत गेलं आणि तो खूश झाला. चपटा दगडही मी सोबत नेला. ओटा फरसबंदी होता, दगडाची गरज नव्हती, पण बसायला मला उंची लागते असं मी सांगितलं आणि कोणी जास्त विचारलं नाही.

मला विकता येत नाही. गिऱ्हाइकानं भाव कमी करून मागितला की मी हाव म्हणतो. आता ती सवय लागली आहे. म्हणून गुणाबाईनं नियम केला की भाव ती बोलेल आणि मी फक्त मडकं वाजवून दाखवेन. मीठ आणायला ती उठते तेव्हा मी तिची मिरची सांभाळतो, आणि परत आली की ती आधी मी किती नुकसान केलं ते पाहते.

त्या पहिल्या गुरुवारी ओट्यावर सावली होती. विहीर चार हातांवर होती. मागं नाली होती, पण तिचं पाणी वाहत होतं. मी मडकी उतरवली, दगडावर बसलो आणि कोणतं आधी मांडावं ते पाहू लागलो. गुणाबाई म्हणाली, असं नाही, आधी शिव्या, मग मडकी, इथली रीत आहे.

मी म्हटलं, आता कोणाला देऊ? ऊन नाही, धूळ नाही, पाणी जवळ आहे.

ती विचार करू लागली. तेवढ्यात चैतूनं मधाचं मडकं खाली ठेवलं, घसा साफ केला, आणि माझ्याकडे पाहून सुरू केलं, "बुढ्या, श्रावनात सावली पाहून आला..."

सगळं शेवटपर्यंत म्हणाला. शेवटच्या शब्दावर आवाज खाली टाकला. मग त्यानं चारोळी मांडली आणि मी मडकी मांडली.